दोन अडथळ्यांमधल्या बारा ढांगा

३ ऑगस्ट २०२१. टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम, भर दुपार, आणि गॅलऱ्या रिकाम्या. करोनामुळे ऑलिंपिकला प्रेक्षकच नव्हते. पुरुषांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी सुटली आणि पाऊण मिनिटात संपली. पहिला आलेला नॉर्वेचा कार्स्टन वारहोम घड्याळाकडे बघून छातीवरची जर्सी दोन्ही हातांनी फाडत ओरडत सुटला, कारण घड्याळात ४५.९४ सेकंद दिसत होते. हे अंतर, हे दहा अडथळे ४६ सेकंदांच्या आत कुणी पार केले नव्हते. दुसरा आला अमेरिकेचा राय बेंजामिन, ४६.१७. तिसरा एक दोन मीटर उंचीचा, एकवीस वर्षांचा ब्राझिलियन मुलगा, ४६.७२. त्याचं नाव आलिसन दोस सांतोस.

जगभरच्या कॅमेऱ्यांनी वारहोमची फाटलेली जर्सी दाखवली, आणि ते साहजिकच होतं. पण त्या तिसऱ्या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. या प्रकारातला विश्वविक्रम अमेरिकेच्या केव्हिन यंगनं १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये केला होता, ४६.७८ सेकंदांचा. तो तब्बल २९ वर्षं कुणाला मोडता आला नाही. वारहोमनं १ जुलै २०२१ रोजी ऑस्लोत ४६.७० अशी वेळ नोंदवून तो मोडला. म्हणजे आलिसननं टोकियोत लावलेली वेळ जेमतेम पाच आठवडे आधी लागली असती, तर तो विश्वविक्रम ठरला असता. त्याआधीच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये, अगदी यंगच्या बार्सिलोनातही, त्या वेळेला सुवर्णपदक मिळालं असतं. टोकियोत तिला कांस्य मिळालं.

ऑलिंपिक ट्रॅकवर ब्राझीलला वैयक्तिक पदक मिळालं ते त्या दिवशी तेहतीस वर्षांनी. त्याआधीची शेवटची दोन १९८८च्या सोलमधली होती. जोआकिम क्रुझला ८०० मीटरमध्ये रौप्य आणि रॉब्सन काएतानो दा सिल्वाला २०० मीटरमध्ये कांस्य. मधल्या काळात ब्राझीलनं पदकं मिळवली ती चार जणांच्या रिले संघांनी. या रिलेवाल्यांचा आलिसनच्या गोष्टीशी जवळचा संबंध आहे, पण त्याआधी एका स्वयंपाकघरात जायला हवं.

साओ पावलो राज्याच्या उत्तरेला, रिबेराओ प्रेतोच्या उसाच्या पट्ट्यात, साओ जोआकिम दा बारा नावाचं छोटं शहर आहे. आलिसनचा जन्म तिथला, ३ जून २००० चा. तो दहा महिन्यांचा असताना आजी-आजोबांच्या घरी उकळत्या तेलाचं भांडं त्याच्या अंगावर पडलं. डोकं, छाती आणि हात भाजले. रांगायच्या, पहिली पावलं टाकायच्या वयातले कित्येक महिने त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवर काढले. जीव वाचला, खुणा राहिल्या. डोक्यावरचा काही भाग कायमचा केसांविना राहिला.

लहान मुलाला अशी खूण घेऊन शाळेत जाणं किती जड जातं, हे सांगायला नको. आलिसननं टोपी घालायला सुरुवात केली. शाळेत टोपी, रस्त्यावर टोपी, आणि पुढं पळायला लागल्यावर सुरुवातीच्या स्पर्धांमध्येही टोपी. चारशे मीटर पळायचं, दहा अडथळे ओलांडायचे, आणि वर डोक्यावरची टोपी वाऱ्यानं उडू नये याचीही काळजी करायची. आज तोच आलिसन स्टेडियममध्ये नाचत उतरतो, कॅमेऱ्यासमोर खुशाल तोंडं वेडीवाकडी करतो. मित्रांनी ठेवलेल्या ‘पिउ’ या छोट्याशा नावानंच ब्राझील त्याला ओळखतं.

त्याच्या गावात एडसन लुसियानो रिबेइरोच्या नावाची एक क्रीडासंस्था होती. रिबेइरो हा १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ४ बाय १०० मीटर रिलेचं कांस्य आणि २००० साली सिडनीत त्याच रिलेचं रौप्य जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघांतला धावपटू. अटलांटाच्या चौघांत सोलचा पदकविजेता रॉब्सन काएतानोही होता. म्हणजे सोलचं पदक, अटलांटाची बॅटन आणि साओ जोआकिमचं मैदान एकाच धाग्यात येतात. संस्थेच्या प्रशिक्षकांनी शाळांमध्ये फिरून मुलं हेरली. हा उंच, लांब पायांचा, लाजरा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. तोवर तो जुदो खेळत होता. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तो आलाच नाही. मैदानावर उघड्या अंगानं, सगळ्यांच्या नजरेसमोर पळायचं, ही कल्पनाच त्याला सोसणारी नव्हती. पुढं तो आला तो एकदाचा, आणि आना फिदेलिस या प्रशिक्षिकेच्या हाताखाली पळायला लागला.

उंच मुलाला अडथळ्यांकडे वळवणं ही प्रशिक्षकांची जुनी रीत आहे. पण उंचीचा उपयोग नेमका कुठं होतो, हे पाहिल्याशिवाय आलिसनची कारकीर्द कळत नाही. त्यासाठी ट्रॅकवर उतरून थोडी मोजामोज करावी लागते.

पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून ४५ मीटरवर असतो. त्यानंतर दर ३५ मीटरला एक, असे एकूण दहा. शेवटच्या अडथळ्यानंतर ४० मीटरची मोकळी धाव. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या कमरेला लागेल एवढी. अडथळ्याच्या पायांमध्ये वजनं बसवलेली असतात आणि वरच्या पट्टीला सुमारे साडेतीन-चार किलोचा जोर लागला की तो पुढं कलंडतो. पाय लागून अडथळा पडला तरी धावपटू बाद होत नाही. पण त्या धक्क्यात गेलेला वेग भरून काढायला पुढचे ३५ मीटर पुरत नाहीत.

आता त्या ३५ मीटरचा हिशेब. धावपटू अडथळ्याच्या सव्वादोन मीटर आधी उडी घेतो आणि साधारण सव्वा मीटर पलीकडं उतरतो. उडीतले साडेतीन मीटर वजा केले की ढांगा टाकायला उरतात साडेएकतीस मीटर. १५ ढांगांत ते पार करायचे तर एकेक ढांग २ मीटर १० सेंटिमीटरची. १३ ढांगांत करायचे तर २ मीटर ४२ सेंटिमीटरची. आणि १२ ढांगांत करायचे तर २ मीटर ६२ सेंटिमीटरची! घरातल्या भिंतीवर जमिनीपासून तेवढी उंची मोजून बघावी, म्हणजे एका ढांगेत किती अंतर कापायचं याचा अंदाज येईल. त्यातही ढांग ताणून टाकली तर वेग मोडतो. ती सहज पडली पाहिजे, एकामागून एक, आणि शेवटची ढांग नेमकी अडथळ्यापासून सव्वादोन मीटरवर संपली पाहिजे.

पंधराच्या जागी तेरा ढांगा कायम ठेवून सगळे दहा अडथळे पार करता येतात, हे दाखवलं अमेरिकेच्या एडविन मोझेसनं. मोझेस मोअरहाउस कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होता आणि शर्यतीकडेही तो गणितासारखाच बघायचा. १९७६ला माँट्रियलमध्ये त्यानं सुवर्ण जिंकलं आणि १९७७ ते १९८७ या काळात जवळजवळ दहा वर्षं एकही शर्यत हरला नाही, सलग १२२ शर्यती. तेव्हापासून तेरा हा या प्रकारातला सोन्याचा आकडा ठरला. वारहोम तेरा ढांगा टाकतो, बेंजामिनही तेराच.

तेरा आणि पंधरा हे विषम आकडे आहेत, आणि यातच खरी मेख आहे. विषम ढांगा टाकल्या की प्रत्येक अडथळ्यावर तोच पाय पुढं जातो. सम ढांगा टाकल्या, म्हणजे बारा किंवा चौदा, की पाय बदलतो: एका अडथळ्यावर डावा पुढं, पुढच्यावर उजवा. लिहिताना दर ओळीला हात बदलायचा, तसलाच हा प्रकार. त्यातून निम्मी शर्यत वळणावर. ट्रॅकचं वळण डावीकडं असल्यामुळे डावा पाय पुढं टाकणाऱ्याला लेनच्या आतल्या बाजूला चिकटून पळता येतं. उजवा पुढं टाकला तर मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या बाहेरून जाण्याची भीती असते, आणि तसं झालं तर धावपटू थेट बाद. केव्हिन यंगनं बार्सिलोनात चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यांकडे जाताना बारा ढांगा टाकल्या होत्या आणि तेव्हा तो धाडसाचा कळस मानला गेला.

आलिसनला दोन्ही पायांनी अडथळा घेता येतो. बालपणी लाजेनं मैदान टाळणाऱ्या या मुलानं पुढच्या वर्षांत इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा यावर जास्त घाम गाळला असावा, असं त्याला पळताना बघून वाटतं. दोन मीटर उंची, त्यातही निम्म्याहून जास्त लांबी पायांची, आणि दोन्ही पाय सारखे तयार. शर्यतीच्या मधल्या काही टप्प्यांत तो बारा ढांगा टाकतो आणि दम संपत आला की तेरावर येतो. हा तेरावर येण्याचा क्षण टीव्हीवर बारकाईनं पाहिला तर दिसतो: अडथळ्याआधीची शेवटची ढांग किंचित आखडते, खांदे अंशभर वर येतात, आणि पुढच्या क्षणी तो पलीकडं असतो. कुठंही गचका नाही.

वीस वर्षांच्या आतच त्याची चढती कमान दिसू लागली होती. २०१७ला नैरोबीत अठरा वर्षांखालील विश्वस्पर्धेत ब्राझीलच्या मिश्र ४ बाय ४०० रिले संघात त्यानं सुवर्ण मिळवलं. २०१८ला फिनलंडमधल्या टाम्पेरेत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटर अडथळ्यांचं कांस्य. त्याच सुमारास तो साओ पावलोत आला, पिन्हेरोस क्लबकडून पळायला लागला आणि प्रशिक्षक म्हणून त्याला फेलिपे दे सिकेरा मिळाले. २०१९ला लिमाच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ४८.४५ सेकंदांत सुवर्ण, आणि त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ४८.२८ सेकंदांसह सातवा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी जगातला सातवा म्हणजे कमी नव्हे, पण दोहाच्या ४८.२८ पासून टोकियोच्या ४६.७२ पर्यंतची झेप दीड सेकंदाहून मोठी आहे. या पातळीवर शंभरावे भाग मोजले जातात. आपल्याकडं त्याची आठवण आजही ताजी आहे: याच प्रकारात, १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, पी. टी. उषाचं कांस्यपदक एका शंभराव्या भागानं हुकलं होतं. दीड सेकंद म्हणजे त्याच्या दीडशेपट.

त्या झेपेत बुटांचा आणि ट्रॅकचा वाटा किती, यावर टोकियोनंतर बरीच चर्चा झाली. कार्बनच्या पट्टीचे नवे स्पाइक आणि टोकियोचा नवा ट्रॅक दोन्ही वेगाला मदत करत होते, यात शंका नाही. पण ट्रॅक सगळ्यांना तोच होता, आणि त्या मोसमात आलिसन दक्षिण अमेरिकेचा विक्रम एकदा नव्हे, वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा मोडत आला होता. टोकियो ही त्या मालिकेतली शेवटची पायरी होती.

२०२२ हे वर्ष मात्र पूर्णपणे त्याचं. मे महिन्यात डायमंड लीग या शर्यतमालिकेच्या दोहातल्या स्पर्धेत त्यानं बेंजामिनला हरवलं आणि तिथून मोसम संपेपर्यंत ४०० मीटर अडथळ्यांत एकाही शर्यतीत तो दुसरा आला नाही. जुलैत अमेरिकेतल्या यूजीनला जागतिक स्पर्धा भरली. बेंजामिन घरच्या प्रेक्षकांसमोर पळणार होता. वारहोम मांडीच्या दुखापतीतून नुकताच उठून आला होता. १९ जुलैच्या अंतिम फेरीत पहिल्या दोनशे मीटरपर्यंत वारहोम नेहमीसारखा पुढं होता. दुसऱ्या वळणावर आलिसननं त्याला गाठलं, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर आल्यावर त्याला गाठू शकेल असं कुणीच उरलं नव्हतं. ४६.२९ सेकंद. बेंजामिन ४६.८९ सह दुसरा, अमेरिकेचाच ट्रेव्हर बॅसिट तिसरा, वारहोम सातवा. केव्हिन यंगनं १९९३ला श्टुटगार्टमध्ये केलेला ४७.१८चा स्पर्धाविक्रम जवळजवळ नऊ दशांश सेकंदानं मागं पडला. त्या घटकेला वारहोम आणि बेंजामिनच्या टोकियोतल्या दोन वेळा वगळता जगात एवढ्या वेगानं हे अंतर कुणी कापलं नव्हतं. ब्राझीलच्या अ‍ॅथलेटिक्सला याआधी एकच जागतिक सुवर्ण मिळालं होतं, २०११ला पोल व्हॉल्टमध्ये फाबियाना मुरेरचं. पुरुषांमध्ये आलिसन पहिला. सप्टेंबरमध्ये झुरिकला ४६.९८ सेकंदांत डायमंड लीगचा करंडकही त्याच्याकडं आला.

त्यानंतर गुडघा गेला. २०२३च्या फेब्रुवारीत सरावात गुडघ्यातली कूर्चा फाटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अडथळ्यांच्या धावपटूला गुडघ्याची दुखापत म्हणजे दुहेरी मार. पळताना तर तो भार सोसतोच, पण अडथळा पार केल्यावर सव्वा मीटर पलीकडं एका पायावर सगळं शरीर उतरतं, तेही पूर्ण वेगात, तेही शर्यतीत दहा वेळा. दोन्ही पायांवर उतरणाऱ्या आलिसनला तर कुठल्याच पायाला सांभाळून घेता येत नाही. जुलैत तो परत ट्रॅकवर आला आणि ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचला, तिथं पाचवा आला. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत जगातला पाचवा! यूजीनच्या सुवर्णाइतकीच ही कामगिरी मोठी मानायला हवी, पण ती पदकतालिकेत कुठंच दिसत नाही.

पुढच्या मोसमात, ३० मे २०२४ रोजी, ऑस्लोच्या बिस्लेट स्टेडियममध्ये तो वारहोमसमोर उभा राहिला. हे वारहोमचं घर. इथंच त्यानं २०२१ला ४६.७० सेकंदांचा तो पहिला विश्वविक्रम केला होता. गॅलऱ्या नॉर्वेच्या झेंड्यांनी भरलेल्या. वारहोमनं त्या दिवशी पुन्हा नेमके ४६.७० सेकंद लावले, शंभराव्या भागाचाही फरक नाही. आलिसननं लावले ४६.६३.

इथं एक सांगायला हवं. वारहोम, बेंजामिन आणि आलिसन हे तिघं एकाच काळात पळत आहेत, ही या प्रकाराच्या इतिहासातली सगळ्यात भाग्याची गोष्ट आहे. मोझेसच्या दशकात जिंकणारा कोण हे आधीच ठाऊक असायचं. आता शर्यत संपेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तिघांच्या पळण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. वारहोम पहिल्या अडथळ्यापासून जीव खाऊन सुटतो आणि मागं वळून बघत नाही. बेंजामिनकडं सपाट ट्रॅकवरचा निखळ वेग आहे. आलिसन मात्र पहिले दोनशे मीटर जणू राखून पळतो आणि इतरांच्या ढांगा आखडू लागतात तेव्हा पुढं सरकतो. त्याचे पाय तेव्हाही लांबच पडत असतात. मधल्या टप्प्यांत कमी ढांगा टाकल्यामुळे वाचलेला दम तो इथं खर्च करतो. बारा ढांगांचा खरा फायदा सातव्या अडथळ्यानंतर दिसतो, हे त्याची शर्यत दोन-तीनदा पाहिली की डोळ्यांना कळू लागतं.

पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी ९ ऑगस्ट २०२४ला झाली. बेंजामिनला अखेर ते सुवर्ण मिळालं जे टोकियोत निसटलं होतं, ४६.४६ सेकंदांत. वारहोम ४७.०६ सह दुसरा. आलिसन ४७.२६ सह तिसरा, म्हणजे पुन्हा कांस्य. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये पदकांच्या चौथऱ्यावर तेच तिघे उभे राहिले, फक्त वरच्या दोघांनी जागा बदलल्या.

सप्टेंबर २०२५मध्ये जागतिक स्पर्धा टोकियोला भरली, त्याच राष्ट्रीय स्टेडियममध्ये. २०२१ला जिथं शर्यतीच्या आरंभाचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून घुमून परत येत होता, तिथं आता गॅलऱ्या माणसांनी गच्च होत्या. अंतिम फेरीत शेवटच्या अडथळ्याला बेंजामिनचा पाय जोरात लागला आणि तो अडथळा शेजारच्या लेनकडं सरकला. बेंजामिन ४६.५२ सेकंदांत पहिला आला, पण पंचांनी त्याला बाद ठरवलं. काही वेळ आलिसन दुसऱ्यांदा जगज्जेता होतो की काय अशी परिस्थिती होती. मग निर्णय फिरला आणि सुवर्ण बेंजामिनकडंच राहिलं. कतारच्या अब्दुर्रहमान सांबाला कांस्य मिळालं आणि वारहोम या वेळी पदकांच्या बाहेर राहिला. आलिसनला रौप्य मिळालं, वेळ ४६.८४ सेकंद. याच मैदानावर चार वर्षांपूर्वी कांस्यासाठी त्यानं लावलेल्या वेळेपेक्षा शंभरातले बारा भाग जास्त.